खंडेनवमीला उघडणारं कपाट

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बाहेरची माणसं बघायला येतात ते लोणारचं सरोवर. उल्का पडली, खड्डा झाला, खड्ड्यात खारं पाणी साठलं. त्यासाठी लोक विमानानं येतात. आमच्या संग्रामपूर तालुक्यातही पाणी खारंच आहे. ते विहिरीत आहे, हापशीत आहे, माणसांच्या किडनीत आहे. ते बघायला कुणी येत नाही. हे मी एका पत्रकात लिहिलं होतं आणि लोकांना ते आवडलं होतं, म्हणून पुन्हा वापरते. पण हे पत्रक नव्हे. माझी माय आणि मी दसऱ्याच्या तोंडावर घाट चढून बुलढाण्याला गेलो आणि काचेच्या कपाटातली जुनी पिस्तुलं बघून आलो, त्याची ही हकिगत. जागेचं नाव लिहिणार नाही. ज्यांनी आमच्यासाठी नियम जरा सैल केला, त्यांना उद्या कुणी नोटीस काढायला नको.

पिस्तुलं कुणाची, तर जुन्या फौजदारांची, दरोग्यांची, नाक्यावरच्या जमादारांची. त्यातलं एक माझ्या बाबांचं.

बाबा शिपाई म्हणून भरती झाले आणि फौजदार होऊन गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची बरीच नोकरी झाली. सागवान चोरणाऱ्यांमागे ते रात्ररात्र हिंडले. कमरेला सहा गोळ्यांचं विलायती रिव्हॉल्वर असायचं. घरात सगळे त्याला पिस्तूलच म्हणत. त्यांना गोळी कधी लागली नाही. त्यांना खाऱ्या पाण्यानं नेलं. मी दुसरीत होते. या एका गोष्टीवरून मी पुढं काय झाले ते समजून घ्या. गावोगाव पत्रकं वाटते, तहसीलसमोर बसते, पोलीस उचलून गाडीत घालतात आणि संध्याकाळी सोडतात. शस्त्राची पूजा करू नये असं माझं मत आहे, आणि ते मी छापलेलंही आहे.

तरीही गेले. कारण सांगते. बाबांचा चेहरा फोटोत आहे, म्हणून आठवतो. हात आठवत नाहीत. बोटं कशी होती, नखं कशी होती, तळवा खरखरीत होता की मऊ, काहीच नाही. ज्या वस्तूला ते हात रोज लागत होते, ती वस्तू जगात शिल्लक आहे, बुलढाण्यात आहे, आणि मी संग्रामपुरात बसून पाण्याच्या टँकरवर मजकूर लिहिते आहे, हे मला सहन होईना.

ती तिथं आहे हे कळलं एका लग्नात. बाबांच्या हाताखालचे एक जमादार काका भेटले. रिटायर होऊन मिशा पांढऱ्या झालेले. पंगतीत मायच्या शेजारी बसले आणि वरणात भात कालवता कालवता म्हणाले, "वहिनी, साहेबाचं पिस्तूल आता काचंत गेलं बरं काय. मीच जमा केल्तं. लई जुनं झालं म्हून सरकारनं बाद केलं, आतून निकामी केलं, अन् शोभेले ठेवलं. कपाट सालभर बंद राह्यते. खंडेनवमीले तेवढं उघडतेत, पूजेले."

माय ताटातली जिलबी तशीच ठेवून उठली. त्यानंतर दोन महिने तिनं तो विषय काढला नाही, आणि मग एके दिवशी ज्वारी निवडताना, वर न बघता मला म्हणाली, "वर्षे, औंदा खंडेनवमी कधी हाय वं?"

घाटाखालून घाटावर

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं की आमचे दोन जिल्हे आहेत. कागदावर एक, बोलण्यात दोन. घाटाखालचा आणि घाटावरचा. आम्ही खालचे. पूर्णेच्या काठची काळी जमीन, कपाशी, ऊन, खारं पाणी. वरचे म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, तिकडे साखरखेर्ड्यापर्यंत. थंड हवा, गोडं पाणी, आणि "तुमी खालचे" असं म्हणण्याची सवय. मायचं माहेर साखरखेर्डा. म्हणजे बाबांनी वरची बायको खाली आणली. खारं पाणी पहिल्यांदा तोंडात घेतलं तेव्हा तिनं अंगणातच थुंकलं होतं आणि सासरचे लोक हसले होते, असं ती सांगते. आता तिला गोडं पाणी फिकं लागतं.

अष्टमीला सकाळी निघालो. पूर्णा ओलांडली, नांदुरा गेलं. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली होती आणि तूर हिरवीगार उभी होती. मायनं आमच्याच अंगणातल्या झेंडूची पिशवी मांडीवर धरली होती. ती कुणाला हात लावू देईना. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर ठेवा की." माय म्हणाली, "वरतं फुलं मरतेत."

मोताळ्याच्या स्टँडवर बस थांबली, आम्ही चहाला उतरलो. मायनं पिशवी बाकावर ठेवली, फक्त पदर नीट करायला. तेवढ्यात एका गाईनं तोंड घातलं. ही स्टँडची गाय, हिला माणसाची भीती नाही. मी पिशवी ओढते, गाय ओढते, चहावाला हसतो. शेवटी अर्धी पिशवी आणि मूठभर देठ आमच्याकडे राहिले. मी चहावाल्याला नगरपंचायत काय करते असं विचारलं. तो म्हणाला, "ताई, तिले नवमीचं माहीत असन." माय पहिल्यांदा हसली. मग राजूर घाट लागला, वळणावर वळणं, आणि खिडकीतून आत आलेली हवा खरोखर वेगळी होती. वरच्या लोकांचा तोरा फुकटचा नाही, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं आहे.

अक्काकडे

बुलढाण्यात आम्ही मायच्या थोरल्या बहिणीकडे उतरलो. माय तिला अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्का बोलते माहेरच्या, जालन्याच्या वळणाचं. मायच्या तोंडचं "मले, तुले" ऐकून तिनं दारातच सुरुवात केली.

"कांता, तू तर पार खालची झालीस गं. आपली माय असती तर तिनं वळखलं नसतं तुला."

"चाळीस साल झाले खाली राहून राह्यली मी. अजून तुह्यासारखं बोलू काय?"

रात्री येसराची आमटी होती, भाजलेल्या धान्याच्या पिठाची, दाट आणि तिखट, बरोबर बाजरीची भाकरी. आमच्याकडे पाहुणा आला की वाटल्या डाळीचे वाफवलेले फुणके आणि कढी होते. येसर होत नाही. मी तीनदा वाढून घेतली. जेवताना खंडेनवमीच्या रिवाजावरून दोघी बहिणींची जुंपली. आमच्या घरी विळी, सुरी, खुरपं, कुऱ्हाड सकाळीच पाटावर मांडतात आणि एकदा कुंकू लागलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात नाही. म्हणून त्या दिवशी अख्ख्या वांग्याचं भरीत, चिरायचं काही नाही. अक्काकडे पूजा दुपारी, स्वयंपाक आटोपल्यावर. माय म्हणाली, हे सोयीचं झालं. अक्का म्हणाली, सोयीचं नसतं तर बायकांनी काय हातानं कांदा फोडायचा?

मग मूळ विषय निघाला. मायनं पिशवीतून स्टीलची लहान डबी काढली. त्यात हळद आणि कुंकू होतं.

अक्कानं डबी पाहिली. भाकरी तोडता तोडता थांबली. "हे कशाला?"

"पूजेले."

"कोण लावणार?"

बाबा होते तेव्हा दर खंडेनवमीला ते पिस्तूल घरी पाटावर यायचं आणि कुंकू मायच लावायची. ते गेल्यावर तिनं कशालाच लावलं नाही. विळीलासुद्धा. घरातली पूजा माझी काकू येऊन करते. मी वीस वेळा भांडले असेन. मायचं उत्तर ठरलेलं, तुले जे कराचं ते कर, मले नको सांगू.

"बघ कांता," अक्का हळू आवाजात म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. "तिथं पोलिसांची माणसं असतील. त्यांच्या शस्त्राला तू लावलंस आन् कुणी बोललं तर तुलाच लागंल. मी येते की उद्या. माझं कुंकू हाय. मी लावते तुझ्या नावानं. तू मागं उभी राहा."

मी ताटावरून हात काढला. विधवेनं कुंकू लावू नये हा नियम कुणी केला, कुणाच्या सोयीसाठी केला, मायनं ज्या माणसासाठी डायलिसिसच्या गाडीत रात्री काढल्या त्याच्या वस्तूवर बोट टेकवायला तिला परवानगी कुणाची लागते, असं सगळं मी बोलले. चांगलं बोलले. छापण्यासारखं बोलले.

माय म्हणाली, "झालं? आता जेव. अक्का येईन उद्या." आणि डबी अक्काच्या हातात दिली.

मी झोपताना भिंतीकडे तोंड केलं. राग अक्काचा नव्हता. मायनं डबी इतक्या लवकर दिली, त्याचा होता.

कपाट

नवमीच्या सकाळी गावभर झेंडू. गॅरेजवाल्यानं पाने-पकडी ओळीनं मांडून त्यांना टिळे लावले होते. रिक्षांना हार होते. सलूनमध्ये कात्री आणि वस्तरा पाटावर, न्हावी बाहेर ऊन खात बसलेला. मला हे पाहून बरं वाटलं, हे कबूल करते. हत्याराची पूजा आणि अवजाराची पूजा यात मी पत्रकात मोठा फरक केला होता. रस्त्यात तो कुणाला माहीत नव्हता.

संग्रहालय म्हणजे एक कौलारू खोली आणि पुढं पडवी. देखरेख करणारे एक वयस्कर काका होते. त्यांच्यासोबत एक फौजदार मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या, कडक इस्त्रीच्या खाकीत. कपाट उघडं असेपर्यंत वर्दीतलं कुणीतरी हजर पाहिजे, म्हणून त्यांची नेमणूक. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"तुम्ही खाऱ्या पाण्याच्या मोर्चातल्या ना?"

"हो. गाडीत तुम्हीच घातलं होतं?"

"नाही, मी बंदोबस्ताला मागे होते. तुमचं पत्रक वाचलं होतं. खरं होतं, पण फार लांब होतं."

मी कपाटाकडे वळले.

भिंतीला लागून ते कपाट होतं. काचेची दारं सताड उघडी, आत लाल कापड. काका एकेक दाखवत गेले. ठासून भरायचं एक लांब नळीचं पिस्तूल, निजामाच्या सरहद्दीवरच्या नाक्यावरच्या दरोग्याचं. आमच्या जिल्ह्याची दक्षिण कड म्हणजे एके काळी दुसऱ्या राज्याची हद्द होती. मिठापासून माणसापर्यंत सगळं तिथून चोरून जायचं, आणि हा दरोगा हे एवढं घेऊन अंधारात उभा राहायचा. दुसरं घोड्यावरच्या फौजदाराचं, खोगिराला अडकवायची कडी असलेलं. तिसरं इतकं लहान की तळव्यात मावेल. एका गोऱ्या साहेबाचं, मुठीला शिंग बसवलेलं. प्रत्येकापुढं चिठ्ठी. साहेबाचं नाव, साहेबाचा हुद्दा, साहेबानं मारलेला वाघ. मला त्या वस्तू आवडल्या. लोखंड झिजून गुळगुळीत झालेलं होतं आणि प्रत्येक मुठीवर एका बाजूला जास्त झीज होती, जिथं अंगठा येतो तिथं. चिठ्ठ्या मला आवडल्या नाहीत.

"काका, माझ्या बाबांचं यात आहे," मी म्हणाले. "त्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी पाहिजे. ही आमची मागणी आहे."

"मागणी कशाला बाई, नुसतं सांगा. चिठ्ठी काय, आत्ता लिहितो." काकांनी खिशातून पेन काढलं. "कोणतं त्यांचं?"

खालच्या फळीवर सहा गोळ्यांची तीन रिव्हॉल्वरं होती. एकाच बनावटीची. तीच काळी नळी, तीच लाकडी मूठ, तीच दोरी अडकवायची कडी. तीन भाऊ शेजारी झोपावेत तशी.

मी मायकडे पाहिलं. माय कपाटाकडे पाहत होती.

"नंबर असतो कोरलेला," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा नंबर माहीत आहे का?"

आम्हाला माहीत नव्हता. घरात कुणी पिस्तुलाचा नंबर लक्षात ठेवत नाही. घरात ते एकच असतं. मला संग्रामपूरपासून एकदाही वाटलं नव्हतं की ते ओळखावं लागेल. मी धरून चालले होते की दिसेल आणि कळेल. मी जमादार काकांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरी, मी पोत्यात घालून जमा केल्ते, तिन्ही सोबत." मी म्हणाले, माहितीचा अधिकार टाकते, नंबर निघेल.

"टाकजो," माय म्हणाली. "पन आज नवमी हाय."

अक्का थाळी घेऊन तयार होती. दिवा लावला होता, डबी उघडली होती, बोटावर कुंकूही घेतलं होतं. ती वाकली आणि तशीच थांबली. "कांता, कोणाला लावू?"

माय पुढं आली. काकांना विचारलं, "हातात घेऊ काय?"

काका मॅडमकडे बघायला लागले. मॅडम म्हणाल्या, "घ्या काकू. आतून बंद आहेत तिन्ही. सावकाश, जड आहेत."

मी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मलाही आठवत नाही, बहुतेक हक्काबद्दलच काहीतरी.

"तू भाषन नको देऊ," माय म्हणाली. "दिवा विझून राह्यला, वारा अडव."

मी थाळीपुढं ओंजळ धरली. मायनं पहिलं उचललं. दोन्ही हातांनी, बाळ उचलावं तसं नव्हे, गरम पातेलं उचलावं तसं. अंगठ्यानं मूठ चाचपली. ठेवलं. दुसरं उचललं. ते जरा जास्त वेळ धरलं, उजेडाकडे केलं, आणि मला वाटलं, सापडलं. ठेवलं. तिसरं उचललं. मग पुन्हा पहिलं.

"आंघोळीले जायचे तवा मह्या मांडीवर ठेवून जायचे," ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. "मले वाटलं, वजनावरून समजन. सारखंच हाय वो तिन्हीचं."

अक्काच्या बोटावरचं कुंकू तसंच होतं.

"वर्षे, तूही घेऊन पाय."

मी घेतलं. कोणतं ते सांगता येणार नाही. हाताला गार लागलं आणि मनगट खाली गेलं. अंगठा झिजलेल्या जागेवर आपोआप बसला. माझा अंगठा त्या जागेपेक्षा लहान आहे. बाबांचा असेल तर माझ्यापेक्षा मोठा होता, एवढं कळलं. नसेल तर तेही कळलं नाही. माझी तक्रार करायची सवय आहे, पण इथं कुणाविरुद्ध करायची होती? सरकारी वस्तू सरकारकडे परत गेली. तिला सांभाळलं, पुसलं, काचेत ठेवलं. कुणाचीच चूक नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ एवढा मोठा दावा होता आणि प्रतिवादी नव्हता. मी ते खाली ठेवलं.

अक्का हळूच म्हणाली, "पहिल्याला लावते बाई. देवाला समजंल."

"थांब अक्का."

मायनं डबीत बोट बुडवलं. स्वतःचं. मग पहिल्याच्या मुठीवर हळद, वर कुंकू. दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. चपात्यांना तेल लावते तितक्याच सवयीनं तिनं लावलं, एवढ्या वर्षांनी. अक्कानं थाळी जरा पुढं केली, मायला हात लांब करायला लागू नये म्हणून.

काका म्हणाले, "तिन्हींना?"

"बाकीच्या दोघाहिच्या बायका असतीनच ना कोठी," माय म्हणाली. "त्याहिलेबी मालूम नसन कोनतं ते."

काकांनी पेन खिशात ठेवलं. नंतर मी चिठ्ठीबद्दल पुन्हा विचारलं तेव्हा ते म्हणाले, नाव लिहून देतो, तिन्हींच्या मध्ये ठेवू. मी मायला विचारलं. ती नको म्हणाली. तुम्ही कधी गेलात तर खालच्या फळीवर बघा. चिठ्ठी नाही. कुंकू तिथं वर्षभर पुसत नाहीत, असं काका सांगत होते.

मॅडम दारं लावायला पुढं आल्या. त्यांच्या कमरेला चामड्याच्या पट्ट्यात आजच्या काळातलं पिस्तूल होतं, चपटं, काळं. मायचं लक्ष तिकडं गेलं. बोटावर अजून कुंकू होतं.

"तुह्या पिस्तुलाची पूजा झाली काय, बाई?"

"मुख्यालयात सकाळी झाली काकू, सगळ्या शस्त्रांची. मी पहाटेपासून बंदोबस्तावर होते. माझं राहिलं."

"आता सुटी?"

"कुठली. देवीच्या मिरवणुका आहेत. रात्री कधी होईल सांगता येत नाही."

"इकडं ये."

मॅडम आल्या. मला वाटलं, त्या नियम सांगतील. त्यांनी सांगितला नाही. मायनं पट्ट्याच्या चामड्यावर बोट टेकवलं, बटणाच्या जरा वर. लाल ठिपका उमटला. बोट तिथंच ठेवून, मान वर न करता ती बोलली. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्याशी ती तशी बोलत नाही, अक्काशीही नाही.

"टायमावर घरी येजो. मी जेवाची थांबतो."

अक्कानं तोंड दुसरीकडं केलं. मॅडमना कळलं की हे आपल्याला नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा कपाटाकडे पाहिलं. इतका वेळ परीक्षेच्या मराठीत बोलणाऱ्या त्या बाईनं मग टोपी नीट केली आणि आमच्या भाषेत होकार दिला.

"हाव."

मायनं बोट काढून घेतलं. काकांनी दारं लावली, कुलूप घातलं आणि एकदा ओढून पाहिलं.